गादीवरचे शिक्के कोणाची काळजी करतात?



आपल्यापैकी बहुतेकांच्या लहानपणी गादी ही 'विकत घ्यायची' वस्तू नव्हती, 'भरून घ्यायची' वस्तू होती. दोन-तीन वर्षांनी पिंजारी येई, गाद्या उसवल्या जात, गठ्ठे झालेला कापूस अंगणात नाहीतर गच्चीवर पसरून पिंजला जाई आणि पुन्हा भरून टाके घातले जात. उशीसाठी शेवरीचा कापूस. आत काय आहे हे कुणाला विचारावे लागत नसे, कारण सगळे डोळ्यांदेखत होई. पिंजाऱ्याच्या नाकातोंडात काय जाते, हे मात्र घरातल्या कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. त्या प्रश्नाकडे मी पुढे येणार आहे.

इथे अमेरिकेत गादी शिवून, बंद होऊन, हल्ली तर खोक्यात गुंडाळी होऊन येते. आत काय आहे ते उत्पादक सांगेल ते खरे. म्हणून शिक्के आले: गॉट्स, गोल्स, ओइको-टेक्स, ग्रीनगार्ड गोल्ड, सर्टिपूर-यूएस. आपल्या वर्तुळात मूल होणार असलेल्या जोडप्यांकडून, दम्याचा त्रास असलेल्या मित्रांकडून एकच प्रश्न मला वारंवार येतो, "यातला चांगला शिक्का कोणता?" हा प्रश्नच अपुरा आहे असे माझे मत आहे. प्रत्येक शिक्का वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. तो प्रश्न कोणता, आणि कोणाच्या वतीने विचारलेला, हे कळल्याशिवाय शिक्क्याला अर्थ नाही. आणि ते कळले की आणखी एक गोष्ट लक्षात येते: यातले बरेचसे शिक्के गादीवर झोपणाऱ्याची काळजी करतात. कापूस पिकवणाऱ्याची आणि सूत कातणाऱ्याची काळजी करणारे फार थोडे.

कोणता शिक्का काय सांगतो

सर्टिपूर-यूएसपासून सुरुवात करू, कारण स्वस्त-महाग सगळ्या फोमच्या गाद्यांवर तो दिसतो. हा कार्यक्रम २००८ साली फोम उद्योगाच्या पुढाकाराने सुरू झाला आणि एक ना-नफा संस्था तो चालवते. त्यात पॉलियुरेथेन फोमची तपासणी होते: पीबीडीईसारखी काही ज्वालारोधक रसायने, शिसे-पारा असे जड धातू, फॉर्माल्डिहाइड, बंदी असलेली थॅलेट्स वापरलेली नाहीत ना, आणि हवेत सुटणारी रसायने ठरलेल्या मर्यादेखाली आहेत ना. उपयोगी तपासणी आहे. पण ती फक्त फोमची. गादीचे आवरण, आतला आगरोधक थर, डिंक यांच्याबद्दल ती काहीही सांगत नाही. आणि 'ऑर्गॅनिक'शी तर तिचा काडीचाही संबंध नाही. पॉलियुरेथेन खनिज तेलापासून बनते. रसायनशास्त्राच्या पुस्तकातल्या अर्थाने ते 'ऑर्गॅनिक' संयुग आहे खरे, पण शेतीच्या अर्थाने 'ऑर्गॅनिक मेमरी फोम' म्हणणे म्हणजे शाकाहारी सुकट म्हणण्यासारखे आहे.

ग्रीनगार्ड गोल्ड हा शिक्का हवेपुरता आहे. गादी एका बंद कक्षात ठेवून तिच्यातून हवेत काय सुटते ते मोजतात. वायुरूप होणाऱ्या सगळ्या सेंद्रिय रसायनांची एकत्रित मर्यादा साध्या ग्रीनगार्डला घनमीटरमागे ५०० मायक्रोग्रॅम, गोल्डला २२०. लहान मुले आणि शाळा डोळ्यांसमोर ठेवून गोल्डच्या मर्यादा कडक केल्या आहेत. नव्या गादीच्या वासाने ज्यांचे डोके धरते त्यांनी हा शिक्का जरूर पाहावा. पण हवेत न सुटणारे एखादे रसायन आत असेल तर ते या चाचणीत दिसणार नाही.

ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० हा १९९२ साली ऑस्ट्रिया आणि जर्मनीतल्या वस्त्रसंशोधन संस्थांनी सुरू केलेला शिक्का. कापड, दोरा, बटण, चेन असा प्रत्येक घटक तपासतात. अंगाशी जितका जवळचा संबंध तितकी मर्यादा कडक. तीन वर्षांखालच्या मुलांच्या वस्तू पहिल्या वर्गात येतात. त्यांच्यात फॉर्माल्डिहाइड सापडताच कामा नये. त्वचेला लागणाऱ्या वस्तूंना, म्हणजे चादरी-अभ्र्यांना, दर दशलक्ष भागांत ७५ भागांपर्यंत चालते आणि थेट त्वचेला न लागणाऱ्या वस्तूंना त्याहून जास्त. 'रिंकल-फ्री' चादरींना सुरकुत्या पडू नयेत म्हणून जी राळ लावतात तिच्यातून फॉर्माल्डिहाइड सुटू शकते, त्यामुळे चादरींसाठी ही तपासणी महत्त्वाची आहे. मात्र लक्षात घ्या, हा शिक्का तयार मालात काय उरले ते पाहतो. कापसावर हंगामात किती वेळा विष फवारले, हे तो पाहत नाही. कापड धुऊन, विरंजन करून तयार होईपर्यंत फवारणीचा अंश बहुतेक निघून गेलेला असतो. भरपूर फवारलेल्या कापसाची चादर ओइको-टेक्सच्या परीक्षेत सहज उत्तीर्ण होऊ शकते, आणि त्यात कोणतीही लबाडी नाही. परीक्षेत तो प्रश्नच नाही.

तो प्रश्न गॉट्समध्ये आहे. ग्लोबल ऑर्गॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड हे त्याचे पूर्ण नाव. ९५ टक्के तंतू प्रमाणित सेंद्रिय असतील तर मालावर 'ऑर्गॅनिक' लिहिता येते, ७० टक्के असतील तर 'सेंद्रिय तंतू वापरून केलेला' एवढेच. जिनिंगपासून सूतगिरणी, रंगकाम, शिलाईपर्यंत साखळीतला प्रत्येक टप्पा प्रमाणित असावा लागतो. कोणते रंग आणि रसायने चालतील याची यादी आहे, सांडपाण्याचे नियम आहेत, आणि कामगारांबद्दलच्या अटीही आहेत: वेठबिगारी नाही, बालमजुरी नाही, संघटनेचे स्वातंत्र्य. नैसर्गिक रबराच्या लॅटेक्स गाद्यांसाठी असाच गोल्स नावाचा शिक्का आहे, त्यात ९५ टक्के रबर प्रमाणित सेंद्रिय मळ्यांतले लागते. '१०० टक्के नॅचरल लॅटेक्स' म्हणजे गोल्स नव्हे. 'नॅचरल' म्हणजे रबर झाडाचे आहे, एवढेच.

इथे एक बारीक फरक आहे आणि विक्रेते नेमका तोच पुसतात. 'गॉट्स-प्रमाणित कापूस वापरला आहे' आणि 'ही गादी गॉट्स-प्रमाणित आहे' ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्यात वरचे आवरण तेवढे सेंद्रिय आणि आत काहीही असू शकते.

बेवारस शब्द

खाद्यपदार्थावर 'ऑर्गॅनिक' लिहायचे तर अमेरिकेच्या कृषी खात्याचे नियम आहेत. गादीचे काय? कृषी खात्याचा अधिकार शेतमालापुरता. २०११ साली त्या खात्याने धोरण जाहीर केले की गॉट्सनुसार प्रमाणित कापड 'ऑर्गॅनिक' म्हणून विकता येईल, पण खात्याचा गोल शिक्का त्यावर लावता येणार नाही. फेडरल ट्रेड कमिशनने पर्यावरणविषयक दाव्यांची मार्गदर्शक तत्त्वे २०१२ साली सुधारली, पण 'ऑर्गॅनिक' या शब्दाला हात लावला नाही. या दोन खात्यांच्या मधल्या फटीत गादीवरचा हा शब्द पडून आहे. फसवणुकीविरुद्धचा सामान्य कायदा आहे, पण तो फसवणूक झाल्यावर चालतो.

तो चालला तेव्हा काय दिसले पाहा. २०१३ साली ट्रेड कमिशनने तीन गादी कंपन्यांविरुद्ध कारवाई केली. त्यातल्या इकोबेबी ऑर्गॅनिक्स या कंपनीच्या मालावर 'नॅशनल असोसिएशन ऑफ ऑर्गॅनिक मॅट्रेस इंडस्ट्री' अशा भारदस्त नावाच्या संघटनेचा शिक्का होता. कमिशनच्या म्हणण्यानुसार ती संघटना म्हणजे ती कंपनीच होती. स्वतःच परीक्षक, स्वतःच परीक्षार्थी! २०१७ साली मूनलाइट स्लंबर या बाळांच्या गाद्या करणाऱ्या कंपनीवर कारवाई झाली. 'ऑर्गॅनिक' म्हणून विकलेल्या गाद्यांचा बहुतांश भाग सेंद्रिय नव्हताच असा कमिशनचा आरोप होता, आणि 'ग्रीन सेफ्टी शील्ड' नावाचा शिक्का कंपनीने स्वतःच काढला होता. ही दोन्ही प्रकरणे समझोत्याने मिटली. बांबूच्या चादरींचीही हीच गत. बांबूचा लगदा तीव्र रसायनांत विरघळवून जो धागा निघतो तो रेयॉन. त्याला 'पर्यावरणस्नेही बांबू' म्हणून विकल्याबद्दल २०२२ साली वॉलमार्ट आणि कोल्स यांना मिळून ५५ लाख डॉलर्स भरावे लागले.

आगीची गोष्ट

गादीत रसायने येतात कुठून, याचे एक मोठे उत्तर आहे आगीचे नियम. सिगारेटने गादी पेटू नये म्हणून अमेरिकेत १९७३ पासून एक संघीय नियम आहे. १ जुलै २००७ पासून दुसरा, अधिक कडक नियम आला: गादीवर उघडी ज्योत धरून अर्धा तास चाचणी घेतात, आणि त्या वेळात उष्णता २०० किलोवॅटच्या वर जाता कामा नये. कोणते रसायन वापरा असे हा नियम सांगत नाही. लोकरीच्या जाड थरानेही ही परीक्षा पास होता येते. पण लोकर महाग असते, आणि उद्योग स्वस्त वाट शोधतो.

स्वस्त वाटेचा इतिहास चांगला नाही. आर्लिन ब्लूम या रसायनशास्त्रज्ञ बाईंचे नाव आपल्यातल्या गिर्यारोहकांना ठाऊक असेल. १९७८ सालच्या अन्नपूर्णेवरच्या महिला मोहिमेच्या त्या नेत्या. त्याआधी वर्षभर, १९७७ साली, ब्रूस एम्स यांच्याबरोबर त्यांनी दाखवून दिले की मुलांच्या रात्रीच्या कपड्यांत घातले जाणारे ट्रिस हे ज्वालारोधक जनुकांत बदल घडवते. त्याच वर्षी मुलांच्या कपड्यांतून त्याला बंदी झाली. पुढे त्याचाच क्लोरीनवाला भाऊबंद सोफ्यांच्या फोममध्ये हजर! सोफ्यांतले दुसरे रसायन पेंटा-बीडीई. ते घरातल्या धुळीत आणि आईच्या दुधात सापडू लागले. अमेरिकेत त्याचे उत्पादन २००४ अखेर थांबले. एक रसायन हटवायचे आणि त्याचा चुलतभाऊ आणायचा, हा खेळ अनेक दशके चालला. २०१२ साली 'शिकागो ट्रिब्यून'ने लेखमाला लिहून या उद्योगाने आपली रसायने टिकवण्यासाठी काय काय केले ते उघड केले. कॅलिफोर्नियाने फर्निचरचा आपला जुना आग-नियम २०१३ साली बदलला, आणि १ जानेवारी २०२० पासून मुलांच्या वस्तू, सोफे आणि गाद्यांतला फोम यांत ठरावीक मर्यादेपलीकडे ज्वालारोधक रसायने घालायला बंदी केली.

मग उद्योगाने काय केले? अनेक स्वस्त गाद्यांच्या आवरणाखाली काचतंतूचा, म्हणजे फायबरग्लासचा, मोजा आला. तो आत बंद असतो तोवर ठीक. पण गादीच्या कव्हरला चेन दिसली की माणूस ते काढून धुणारच. कव्हर काढल्यावर काचेचे बारीक कण घरभर पसरतात, कपड्यांत जातात, कातडीला चावतात, श्वासात जातात. कॅलिफोर्नियाने २०२३ साली कायदा केला, त्यानुसार १ जानेवारी २०२७ पासून गाद्यांत असा काचतंतू घालून विकता येणार नाही. आणि गंमत म्हणजे अशा गादीच्या फोमवर सर्टिपूरचा शिक्का अगदी कायदेशीरपणे असू शकतो. फोम चांगलाच आहे, मोजा वेगळा!

आता शेताकडे

आतापर्यंतचे सगळे आपल्या शरीरापुरते झाले. माझा खरा मुद्दा पुढे आहे.

भारत हा जगातल्या सर्वात मोठ्या सेंद्रिय कापूस उत्पादकांपैकी एक. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, ओडिशा, गुजरात ही त्यातली महत्त्वाची राज्ये. म्हणजे न्यू जर्सीच्या दुकानातल्या 'ऑर्गॅनिक' चादरीतला कापूस आपल्याच विदर्भातला असण्याची शक्यता चांगली आहे. आणि कापसाच्या फवारणीत काय होते हे विदर्भाने २०१७ साली पाहिले. त्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. पुरुषभर उंच वाढलेल्या पऱ्हाटीत, उघड्या अंगाने, पाठीवर पंप घेऊन फवारणारी ही माणसे. त्या कापसाची चादर आपल्या बाळाला सुरक्षित असेल. पिकवणाऱ्याला तो कापूस सुरक्षित नव्हता. सेंद्रिय कापसाच्या बाजूचा सर्वात मोठा युक्तिवाद माझ्या मते हा आहे, आणि जाहिरातीत तो सर्वात कमी दिसतो.

पण सेंद्रिय म्हणून मिळणारे खरोखर सेंद्रिय असते का? ऑक्टोबर २०२० मध्ये खुद्द गॉट्सनेच जाहीर केले की भारतातला सुमारे २०,००० टन कापूस बनावट कागदपत्रांवर सेंद्रिय म्हणून पुढे सरकवला गेला. प्रत्येक खरेदी-विक्रीला जे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट लागते, तेच खोटे. त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला तर सरकारच्या अपेडा या संस्थेसारखीच हुबेहूब दिसणारी नकली वेबसाइट उघडत असे. ११ कंपन्यांवर बंदी आली. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने अपेडाशी असलेला सेंद्रिय प्रमाणीकरणाचा जुना करार संपवला. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या सगळ्या अपारदर्शकतेवर सविस्तर लिहिले. 'आमचीच बदनामी का' असे वाटणाऱ्यांना आठवण करून देतो, की २०१६ साली टार्गेटने तेव्हाच्या वेलस्पन इंडियाशी व्यवहार तोडले, कारण 'इजिप्शियन कॉटन' म्हणून आलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी-अभ्र्यांत भलताच कापूस होता. विणलेल्या कापडातला कापूस कुठला, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. जिथे ओळखता येत नाही आणि भाव जास्त मिळतो, तिथे कागद खोटे होणारच.

या गोष्टीत शेतकऱ्याला ठग ठरवण्याची घाई आपण करू नये. त्याच्या बाजूने पाहा. बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली, आणि आज देशातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्रावर बीटी आहे. सेंद्रिय कापसात जनुकबदल केलेले बियाणे चालत नाही. म्हणजे ज्याला सेंद्रिय करायचे आहे त्याला साधी सरकी मिळवण्यापासून झगडावे लागते. जमीन सेंद्रिय ठरायला दोन ते तीन वर्षे लागतात. त्या काळात उत्पन्न घटले तरी भाव साध्या कापसाचाच. शेजारच्या शेतातून बीटीचे परागकण आले, किंवा जिनिंगमध्ये सरमिसळ झाली, तर प्रामाणिक शेतकऱ्याचा मालही जीएमओ चाचणीत नापास होतो. ती चाचणी जनुक पकडते, फवारणी पकडत नाही. म्हणजे फवारणी न केलेला नापास आणि साधी सरकी लावून चोरून फवारलेला पास, असेही घडू शकते. शिवाय लहान शेतकऱ्यांचे प्रमाणीकरण गटाने होते, आणि कागद बऱ्याचदा गट चालवणाऱ्या कंपनीच्या हातात असतात. जास्तीचा भाव कुठे मुरतो, हे शेतकऱ्याला विचारा.

शेतापुढे सूतगिरणी येते. तामिळनाडूच्या गिरण्यांतल्या 'सुमंगली' पद्धतीवर सोमो या डच संस्थेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०११ साली अहवाल काढला. गरीब, मुख्यतः दलित घरांतल्या किशोरवयीन मुलींना तीन-तीन वर्षे वसतिगृहात ठेवून राबवायचे आणि लग्नाच्या खर्चासाठी म्हणून मजुरीचा मोठा भाग शेवटी एकरकमी द्यायचा, असा तो प्रकार. धागा त्याने विषारी होत नाही. ओइको-टेक्सच्या शंभर नंबरी प्रयोगशाळेत त्या मुलींचे तास दिसत नाहीत. गॉट्सच्या अटींत निदान तो विषय आहे. तपासनीस वर्षाकाठी एकदा येतो, त्याचे शुल्क गिरणीच भरते, हे मान्य करूनही 'विषय आहे' आणि 'विषयच नाही' यांत फरक आहे.

नवे सोवळे नको

आपल्या लोकांविषयी एक अप्रिय गोष्ट लिहितो. शुद्धतेचे आपल्याला जुने वेड. सोवळ्यात प्रश्न असतो, 'याला कोणाचा स्पर्श झाला, आणि त्याने मी बाटेन का?' ज्याचा स्पर्श झाला त्याचे काय झाले, हा प्रश्न सोवळ्यात कधीच नसतो. पिंजाऱ्याला गाद्या द्यायच्या, तो खोकतो म्हणून लांब बसवायचे, आणि त्याच गादीवर सुखाने झोपायचे, हे त्यात बसत असे. 'केमिकल-फ्री', 'टॉक्सिन-फ्री', 'प्युअर' हे शब्द वाचताना मला तेच सोवळे नव्या इंग्रजी वेष्टनात दिसते. दोन-तीन हजार डॉलर्सची गादी घेऊन आपण आपली बेडरूम सोवळ्यात ठेवू शकतो. त्याच गावात आपल्या घराची सफाई करणारी बाई तीनशे डॉलर्सची, काचतंतूवाली गादी घेते. तिचे काय?

म्हणून शिक्क्यांपेक्षा कायद्यावर माझा भरवसा जास्त आहे. शिक्का पैसे देणाऱ्याचे रक्षण करतो, कायदा सगळ्यांचे. कॅलिफोर्नियाच्या २०२० च्या बंदीने सर्वात स्वस्त फोम घेणाऱ्यालाही संरक्षण मिळाले, तेही कोणतेही लेबल न वाचता. २००८ च्या ग्राहक सुरक्षा कायद्याने मुलांच्या वस्तूंतल्या शिशाला आणि थॅलेट्सना मर्यादा घातली, तीही सगळ्यांसाठी. 'मग शिक्के फेकून द्यायचे का?' असे कुणी विचारेल. नाही. कायदा सीमेपलीकडच्या शेतात पोचत नाही, तिथे आज शिक्का हेच एकमेव हत्यार आहे. ते बोथट आहे म्हणून टाकायचे नसते, त्याला धार लावायची असते. फसवणूक उघड झाली म्हणून सेंद्रियच सोडून दिले, तर पहिला बळी जाईल तो प्रामाणिकपणे सेंद्रिय करणारा शेतकरी.

आता व्यवहाराचे.

१. शिक्का नुसता पाहू नका, तपासा. गॉट्स आणि ओइको-टेक्स या दोन्हींच्या लेबलवर क्रमांक असतो आणि तो त्यांच्या वेबसाइटवर टाकून पाहता येतो. क्रमांक नाही, किंवा तिथे दुसऱ्याच मालाचे नाव आहे, तर शिक्का नाही असे समजा. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा, "तयार गादी प्रमाणित आहे, की नुसते कापड?"

२. गादीला शिवलेली ती जुनी कायदेशीर चिठ्ठी वाचा. आत काय किती टक्के आहे ते तिथे लिहावेच लागते. 'ग्लास फायबर' दिसले तर ती गादी घेऊ नका. घरात असेलच तर तिचे कव्हर कधीही काढू नका.

३. पैसे मर्यादित असतील, आणि बहुतेकांचे असतात, तर आधी चादरी-अभ्रे गॉट्सचे घ्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने सेंद्रिय कापसाची मागणी चादरीतूनही तेवढीच पोचते. गादी फोमची घेतलीत तर सर्टिपूर आणि ग्रीनगार्ड गोल्ड दोन्ही पाहा, आणि काही दिवस खिडक्या उघड्या ठेवून तिला हवा द्या.

४. बाळासाठी शिक्क्याआधी रचना. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला स्पष्ट आहे: घट्ट, सपाट गादी, त्यावर ताणून बसवलेली एक चादर, बाळ पाठीवर, आणि पाळण्यात दुसरे काहीही नको. उशी नको, दुलई नको. आजीने जुन्या साड्यांची शिवून आणलेली मऊ गोधडीसुद्धा झोपताना पाळण्यात नको. ती जमिनीवर खेळताना वापरा. सेंद्रिय कापसाच्या मऊ उशीनेही बाळ गुदमरू शकते. 'ऑर्गॅनिक' आणि 'सुरक्षित' हे समानार्थी शब्द नाहीत.

५. आपल्यातले कितीतरी जण मोठ्या विक्रेत्या कंपन्यांत खरेदी, पुरवठा साखळी, माहिती तंत्रज्ञान या खात्यांत कामाला आहेत. त्यांनी आतून विचारावे: ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट मूळ ठिकाणी कोण पडताळतो? सेंद्रियचा जास्तीचा भाव शेतकऱ्यापर्यंत किती पोचतो? रूपांतराच्या दोन-तीन वर्षांतला कापूस आपण थोडा जास्त भाव देऊन घेतो का? एका ग्राहकाच्या पत्राला उत्तर येत नाही, पण खरेदी अधिकाऱ्याच्या प्रश्नाला गिरणीतून त्याच दिवशी उत्तर येते.

६. आपल्या राज्याच्या विधिमंडळात ज्वालारोधकांचे किंवा काचतंतूचे विधेयक येते तेव्हा रासायनिक उद्योगाचे लोक सुनावणीला हजर असतात. आपणही असावे. भारतातल्या निवडणुकांवर आपण रात्र-रात्र वाद घालतो. आपल्या गावच्या प्रतिनिधीला दोन ओळी लिहायला पाच मिनिटे लागतात.

स्वतःच्या मुलाला चांगली गादी मिळावी असे वाटण्यात काहीच गैर नाही, प्रत्येक आईबापाला ते वाटते. माझे म्हणणे इतकेच आहे, की शिक्का वाचताना 'यात मला अपाय होईल असे काय आहे' याबरोबर 'यात कोणाला अपाय झाला' हाही प्रश्न विचारावा. पहिल्या प्रश्नाची उत्तरे देणाऱ्या प्रयोगशाळा पुष्कळ आहेत. दुसरा प्रश्न ग्राहकाने लावून धरला नाही, तर तो कोणत्याच लेबलवर फार काळ टिकणार नाही.

आपली मते, विशेषतः वस्त्रोद्योगात किंवा शेतीत प्रत्यक्ष काम केलेल्यांची, वाचायला आवडतील. मतभेद असतील तर तेही अवश्य कळवा.